जिवाला काय होतंय?

'समुपदेशन केंद्र' ही पाटी आता शाळेत दिसते, महाविद्यालयात दिसते, पोलीस ठाण्यात आणि सरकारी दवाखान्यातही दिसते. शब्द चांगला रुळला आहे. तो उकलून पाहिला तर आत 'दिश्' हा धातू सापडतो. दिश् म्हणजे दाखवणं. दिशा, देश, आदेश, निर्देश, संदेश ही सगळी त्याचीच लेकरं. उपदेश म्हणजे जवळ घेऊन दाखवणं, आणि त्याला 'सम्' जोडून झालं समुपदेशन. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी वाट दाखवणारं एक बोट आहे. पण या शास्त्राचा पहिला धडा नेमका उलटा आहे. समोरच्याला लगेच वाट दाखवू नका, आधी त्याचं ऐका, असं प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात. मराठी माणसाचा उपदेशाशी जुना परिचय आहे. 'उपदेशाचे डोस पाजणं' असं आपण वैतागूनच म्हणतो. त्यामुळे पाटी वाचून आत येणारा माणूस ऐकून घेण्याच्या तयारीनं येतो. बोलायचं आपल्यालाच आहे, हे त्याला पाटी सांगत नाही.

हिंदीनं यासाठी 'परामर्श' घेतला. त्यातल्या 'मृश्' धातूचा अर्थ स्पर्श करणं. इंग्रजी 'काउन्सेलिंग' ज्या लॅटिन 'कॉन्सिलियम'वरून आलं, त्यात एकत्र विचार करणं आहे. आणि समुपदेशन येण्याच्या कितीतरी आधी मराठीत 'सल्लामसलत' होती. सल्ला आला फारसी 'सलाह'वरून, मसलत आली 'मसलहत'वरून, आणि दोन्हींचं मूळ एकच, अरबीतलं स-ल-ह. नीट असणं, बिघडलेलं दुरुस्त करणं, मिटवून घेणं हा त्याचा अर्थ. तहाच्या 'सुलह'चंही मूळ तेच. ज्यांनी 'सल्लामसलत' ही जोडी बोलीत रुजवली, त्यांनी नकळत दुरुस्तीचा शब्द दोनदा उच्चारला.

पाटी बदला, असं मला म्हणायचं नाही. पाटीच्या आत जे बोललं जातं त्याबद्दल म्हणायचं आहे. उपचाराची पद्धत कुठूनही आली तरी चालेल. दुःखाचं नाव मात्र ज्याचं त्याच्याकडूनच घ्यायला हवं. हे पटवायला पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्याइतकी चांगली जागा नाही.

हिंजवडी-माण इथून सुरू होणारा हा तालुका ताम्हिणी घाटापर्यंत जातो. एका टोकाला संगणक कंपन्या आहेत. तिथे काम करणाऱ्यांच्या घरी तेलुगू, ओडिया, हिंदी, बंगाली बोलतात. पिरंगुटच्या कारखान्यांत उत्तरेकडून आलेले कामगार आहेत. लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिस विद्यापीठात देशभरातली मुलं शिकतात. कोळवण खोऱ्यात, मुठा खोऱ्यात भातशेती करणारी घरं आहेत, आणि डोंगरउतारांवर महादेव कोळी, धनगर, कातकरी यांच्या वाड्या. कातकरी हे नावच काथावरून पडलं. खैराच्या लाकडापासून काथ काढणारे ते कातकरी. जंगलावरचा हक्क गेला, खैर गेला, काथ गेला. पुष्कळ घरं आता वर्षातले काही महिने वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर असतात. धंदा उरला नाही, नाव तेवढं राहिलं. 'वेगळ्या संस्कृतीचा माणूस' म्हटलं की आपल्याला परदेश आठवतो. मुळशीत तो पुढच्या एसटी थांब्यावर उतरतो. कातकऱ्यांची घरची बोली वेगळी आहे. त्यांच्यापुढे ठेवलेला प्रमाण मराठीतला छापील प्रश्नसंचही अर्धा परकाच.

आता शब्दांकडे येऊ. शास्त्राच्या मराठीत सगळं 'मना'चं आहे: मानसिक, मनोविकार, मनोरुग्ण. पण भाताच्या लावणीत कमरेतून वाकणारी बाई दवाखान्यात 'माझं मानसिक स्वास्थ्य बरं नाही' असं म्हणत नाही. 'जीव घाबरा होतो' म्हणते, 'जीव थाऱ्यावर नाही' म्हणते. मराठीतला जीव स्वस्थ बसणारा नाही. तो टांगणीला लागतो, वरखाली होतो, कासावीस होतो, कशात तरी गुंततो, कशावरून तरी उडतो, आणि सुटका झाली की भांड्यात पडतो. ही अलंकारिक भाषा नव्हे. छातीतली धडधड, घशातला आवंढा, पोटातला गोळा हे सगळं सांगणारी ती अचूक भाषा आहे. तिला 'शारीरिक तक्रार' म्हणून गोळ्या लिहून दिल्या, तर जे सांगायला ती बाई आली होती ते तसंच परत गेलं.

यातला एक प्रयोग फार जपून ऐकावा लागतो: 'जीव नकोसा झालाय.' वैशाखात उकाड्यानं जीव नकोसा होतो, पोरांच्या दंग्यानं होतो, आणि खरोखर मरावंसं वाटतं तेव्हाही होतो. शब्द तेच, चाल तीच. फरक कळतो तो आवाजाच्या पट्टीवरून, आणि त्याहून अधिक, सरळ विचारल्यावरच. 'मरून जावं असं मनात येतं का?' असं शांतपणे विचारल्यानं कुणाच्या मनात नवा विचार घातला जात नाही. उलट, ज्याच्या मनात तो असतो त्याला बोलायला जागा मिळते. मराठी येणाऱ्यानं 'उकाड्याचंच म्हणत असतील' असं समजून पुढे जायचं, आणि मराठी न येणाऱ्यानं शब्दशः घेऊन घाबरायचं, हे दोन्ही धोके इथे आहेत.

जिवाच्या शेजारी काळीज. संस्कृतात 'कालेय' म्हणजे यकृत. तिथून प्राकृतांतून उतरत तो शब्द आपल्याकडे काळीज झाला आणि सरकत सरकत हृदयाशी येऊन थांबला. 'काळजी' ही याच काळजाची मानतात. तिचं वैशिष्ट्य असं की काळजी वाटते आणि काळजी घेतातही. चिंता आणि जपणूक, दोन्हींना एकच शब्द. आईला 'तुम्ही फार काळजी करता' म्हणून आजाराचं नाव दिलं, तर तिला ते मायेवरच ठेवलेलं बोट वाटेल. तिच्या लेखी ती काळजी घेतेच आहे. तिच्याशी बोलताना वाटण्यातून घेण्याकडे कसं जायचं, एवढंच सांगावं लागतं, आणि त्यासाठी नवा शब्द लागत नाही.

मग येतो तो मराठीचा खरा खजिना. रुखरुख, हुरहूर, तगमग, तळमळ, घालमेल, घुसमट, कुचंबणा. शहरी बोलण्यात या सगळ्यांवर आता 'डिप्रेशन' नाहीतर 'अँग्झायटी' असं एकच लेबल लागतं. पण रुखरुख ही करायचं राहून गेलेल्या गोष्टीची: शेवटच्या आजारपणात बापाकडे जायला जमलं नाही, तिची. हुरहूर दुराव्याची: लवळ्याच्या वसतिगृहात पहिल्या महिन्यात संध्याकाळी लागते ती. घालमेल दोन वाटांवर उभं असताना होते. घुसमट बोलता येत नाही म्हणून. कुचंबणा दोन माणसांच्या मध्ये सापडल्यावर. नवरा हिंजवडीतल्या बारा तासांच्या पाळीत आणि सासू-सासरे गावात, अशा सुनेला विचारा, ती हाच शब्द वापरेल. प्रत्येक शब्दात दुःखाबरोबर त्याचं कारणही सांगितलेलं आहे. घुसमटीला बोलायला जागा हवी, रुखरुखीला क्षमा हवी, घालमेलीला निर्णय. ज्याला नेमका शब्द सापडला त्याला पुढची वाट अर्धी सापडली.

शब्दांपेक्षाही खोल एक गोष्ट व्याकरणात आहे. मराठीत दुःखाचा कर्ता बहुतेकदा माणूस नसतो. मला वाईट वाटतं, मला भीती वाटते, मला टेन्शन आलंय, त्याला वेड लागलं, तिला घोर लागला, पोराला नाद लागला, बाळाला दृष्ट लागली. माणूस 'ला' लावून बाजूला उभा, आणि जे काही आहे ते बाहेरून येतं, लागतं, वाटतं. 'लागणे'चं मूळ 'लग्', म्हणजे चिकटणं. लग्नही त्यातलंच. जे चिकटलं ते सुटूही शकतं, हे या क्रियापदात गृहीतच आहे. ऑस्ट्रेलियातले मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी १९९० च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. माणूस आणि त्याची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा बोलतानाही त्या वेगळ्या ठेवायच्या, हे तिचं एक प्रमुख सूत्र. इंग्रजीत त्यासाठी वाक्यं मुद्दाम फिरवावी लागतात. मुळशीतल्या पौडच्या बाजारातला माणूस ती जन्मापासून तशीच बोलतो. त्याला 'मी डिप्रेस्ड आहे' असं म्हणायला शिकवणं म्हणजे हातात असलेलं औषध काढून घेणं.

'डिप्रेशन'साठी मराठीनं 'नैराश्य' निवडला. लॅटिन मूळ शब्दात खाली दाबलं जाणं आहे. हिंदीच्या 'अवसाद'मध्ये आणि गीतेच्या पहिल्या अध्यायाच्या नावातल्या 'विषाद'मध्ये 'सद्' धातू आहे, बसणं, खचणं. आपल्या शब्दात मात्र आशा संपणं आहे. ही निवड चुकीची नाही, पण या शब्दाला मागचा जन्म आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात पिंगलेची कथा येते. गिऱ्हाइकाची वाट पाहून थकलेली ती वेश्या शेवटी आशा सोडते आणि शांत झोपी जाते. तिथे नैराश्य हे परमसुख ठरतं. याच स्कंधावर एकनाथांनी १५७३ मध्ये काशीला आपली टीका पूर्ण केली आणि ती कथा मराठी घराघरांत पोचली. 'उदास'चंही तसंच. 'उद्' आणि 'आस्', म्हणजे अलिप्त बसणं. संतांच्या भाषेत तो गुण, आजच्या भाषेत ते लक्षण. म्हणून पोथीत वाढलेला सत्तरीचा माळकरी 'आता कशात मन नाही, उदास झालो' म्हणाला, तर तो आजाराबद्दल बोलतोय की आयुष्यभराच्या कमाईबद्दल, हे त्यालाच विचारावं लागेल. झोप कशी आहे, जेवण जातं का, नातवंड मांडीवर आलं तर बरं वाटतं का? उत्तर तिथे मिळतं.

गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या 'सांगात' संस्थेनं ज्याच्या त्याच्या शब्दापासून सुरुवात करण्याचा हा धडा प्रत्यक्षात उतरवला. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक सामान्य माणसांनाच समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. आजाराचं जड नाव पुढे न करता लोकांच्या तोंडी असलेल्या 'टेन्शन'पासून संवाद सुरू केला. नैराश्यावरची त्यांची अल्पकालीन पद्धत उपयोगी ठरल्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. आणि ज्या टेन्शनला आपण परका समजतो तो आपला नातेवाईकच आहे. लॅटिनमधलं 'तेन्देरे' आणि संस्कृतमधलं 'तन्' ही एकाच मुळाची रूपं, अर्थ ताणणं. तंतू, तान, ताण हे सगळे त्या घरातले. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी आज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याच्या आवारातल्या बाकांवर बसवलं. तिथेही सुरुवात शोना भाषेतल्या 'कुफुंगिसिसा' या शब्दापासून होते. अर्थ, फार विचार करणं. आपल्याकडे म्हणतात, 'डोक्यात विचारांचं थैमान चाललंय.' तो बाक मराठीतही मांडता येईल.

मुळशीच्या मनाविषयी बोलताना एका प्रत्ययासारख्या शब्दापाशी थांबावंच लागतं: 'ग्रस्त'. मूळ 'ग्रस्', गिळणं. खग्रास ग्रहणातला ग्रास तोच. चिंताग्रस्त म्हणजे चिंतेनं गिळलेला. आणि धरणग्रस्त म्हणजे धरणानं गिळलेला. मुळशीत हा शब्द नुसत्या फायलीत राहत नाही. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी इथली भाताची खोरी पाण्याखाली जाणार, म्हणून १९२१ च्या रामनवमीला मावळे सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. लढा काही वर्षांत ओसरला, धरण झालं. पाणी पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि वीज मुंबईला जाते. शंभर वर्षांनंतरही या भागातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात 'आमचं गाव पाण्यात गेलं' येतं. हे दुःख एका माणसाचं नसतं, एका पिढीचंही नसतं. त्याला प्रश्नसंचात रकाना नाही.

दुसरा धक्का रस्त्यांनी आणि इमारतींनी आणला. गुंठा म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. जमिनीचे भाव चढले, गुंठ्यागुंठ्यानं विक्री झाली, आणि हातात एकदम पैसा आलेल्या शेतकऱ्याला बोलीनं नाव दिलं 'गुंठामंत्री'. शब्द ऐकायला मजेशीर आहे, पण ज्याला म्हणतात त्याच्या बाजूनं ऐकून पाहा. गळ्यात सोनं आहे, दारात गाडी आहे, आणि सकाळी उठून जायला बांध नाही. २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' चित्रपटानं या जमिनीच्या व्यवहाराचा हिंसक शेवट महाराष्ट्राला दाखवला. हिंसेपर्यंत न पोचलेली, घरात बसून दारूत बुडालेली माणसं पडद्यावर येत नाहीत. 'पैसे मिळाले ना, मग कशाचं दुःख?' असं गावच म्हणत असेल, तर तो शोक कुठे करणार? त्याच्यासमोर बसणाऱ्यानं 'गुंठामंत्री' हा शब्द विसरून 'जमीन कुठे होती तुमची? काय पिकायचं?' असं विचारावं. आंबेमोहोर म्हणाला की पुढचं तो आपणहून सांगेल.

आणि अंगात येणं. लागीर होणं, वारं येणं, बाहेरची बाधा. यात भीती आहे आणि फसवणूकही आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि तिथे तडजोड नको. पण जी बाई 'माझ्या अंगात येतं' म्हणते, तिला पहिल्याच वाक्यात 'हे सगळं खोटं' म्हटलं की दुसरं वाक्य मिळत नाही. कधी येतं? कुणासमोर येतं? तेव्हा तुम्ही काय बोलता? एरवी जे बोलायची सोय नाही ते अंगात आल्यावर बोलता येतं, असं पुष्कळदा निघतं. भगताकडे जाऊन आलेल्या माणसाला दटावलं तर तो भगताकडे जायचा थांबत नाही, दवाखान्यात यायचा मात्र थांबतो.

बाहेरची पद्धत आपल्या भाषेत आणायचा उत्तम नमुना महाराष्ट्रातच आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत मांडलेली उपचारपद्धती इथे रुजवली कि. मो. फडके यांनी, आणि मराठीत तिचं नाव झालं विवेकनिष्ठ मानसोपचार. पुढे ठाण्याच्या मानसिक आरोग्य संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तिला संतविचाराशी आणि गीतेशी जोडत लोकांपर्यंत नेलं. 'तर्क' न घेता 'विवेक' घेतला गेला, यात मोठं शहाणपण आहे. 'विच्' म्हणजे वेगळं करणं, धान्य पाखडून भुसा बाजूला काढणं. संतांनी शतकानुशतकं घरोघर पोचवलेला हा शब्द. ज्याच्या आजीनं सुपात तांदूळ पाखडले, त्याला मनातल्या विचारांचं पाखडणं समजावून सांगावं लागत नाही.

शेवटचा शब्द सर्वांत लहान आणि सर्वांत कामाचा: 'आपण'. संस्कृत 'आत्मन्', प्राकृत 'अप्पण', मराठी 'आपण'. स्वतः या अर्थाचा शब्द तीन कामं करू लागला. आपण होऊन, म्हणजे स्वतःहून. आपण बसावं, म्हणजे आदरानं तुम्ही. आणि आपण जाऊ, म्हणजे मी आणि तूही. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. हा भेद संस्कृतच्या 'वयम्'मध्ये नाही, हिंदीच्या 'हम'मध्ये नाही. मावशी, काका, दादा अशी हाक मारून 'आपण बघू यातून कसं निघायचं ते' म्हणणारा समुपदेशक त्या एका शब्दात उपदेशाची खुर्ची सोडून शेजारी येऊन बसतो. मात्र याच शब्दाला दुसरी धार आहे. 'आपल्यात असं चालत नाही' म्हणणारं घरही तोच वापरतं, आणि सुनेच्या वाटचं सासूच बोलते. तेव्हा सुनेला एकटीला वेळ द्यावा लागतो. तिचं बोलणं गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंच दिला आहे. आपण म्हणत जवळ यायचं आणि तिला 'मी' म्हणायला जागा करून द्यायची, ही कसरत प्रत्येक भेटीत करावी लागते.

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनं २०१३ च्या आवृत्तीत सोळा प्रश्नांची एक मुलाखत दिली आहे. आपल्या माणसांशी बोलताना या त्रासाला तुम्ही काय नाव देता, हे त्यात विचारलेलं आहे. हाच प्रश्न मराठीत केसपेपरच्या पहिल्या ओळीवर यावा, निदानाच्या वर, आणि उत्तर जसंच्या तसं लिहिलं जावं. 'जीव लागत नाही' असेल तर 'जीव लागत नाही'. कातकरी बोलीतला असेल तर त्या बोलीत. हिंजवडीतल्या तेलुगू मुलाचा असेल तर तेलुगूत, आणि त्याचा अर्थ त्यालाच विचारून. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. फोन उचलणाऱ्यालाही ही शब्दसंपत्ती हाताशी हवी. ती गोळा करायला फार लांब जायला नको. गावागावांतल्या आशाताई, अंगणवाडी सेविका, सुईणी आणि एसटीचे वाहक यांना हे शब्द ठाऊक आहेत. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आणि आरोग्य खात्यानं मिळून एकेका तालुक्याचा दुःखाचा शब्दकोश केला, तर तो भाषेचं काम असेल आणि औषधाचंही. सुरुवात मुळशीपासून करावी.